पहाटेचे दोन वाजून एकोणीस मिनिटे : घरातल्या एका नोंदवहीची साधनचिकित्सा

१/२१
पहाटे दोन वाजून एकोणीस मिनिटांनी कोल्हापुरातील एका घराच्या संगणकीय नोंदवहीत ‘आईचा फोन’ या नावासमोर एका कर्करोग रुग्णालयाच्या संकेतस्थळाचे नाव उमटले. मिनिटभरात तेच नाव नऊ वेळा आले. दुसऱ्या दिवशी मुलाने ती नोंद वाचली आणि पुढचे दोन दिवस त्याचे कशातच लक्ष लागले नाही.
ही नोंदवही कसली, ती जगात केव्हा अवतरली आणि ती वाचताना इतिहासाचा अभ्यासकही कसा फसतो, याविषयीचा हा धागा.

२/२१
हा मुलगा इतिहासाचा अभ्यासक. मोडी वाचणारा, दफ्तरखान्यात दिवसच्या दिवस घालवणारा. आईच्या फोनवर सतत उसळणाऱ्या जाहिरातींना कंटाळून त्याने रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणला, त्यावर पाय-होल ही मुक्त प्रणाली बसवली आणि तो राउटरशेजारी ठेवून दिला. घरातील प्रत्येक उपकरण आता संकेतस्थळाचा पत्ता या डबीला विचारू लागले. जाहिरातींच्या पत्त्यांविषयी डबी हात वर करी. बाकी पत्ते बाहेरून आणून देई. विचारलेला प्रत्येक प्रश्न मात्र ती लिहून ठेवी.

३/२१
पत्ता विचारावा का लागतो? संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस. कोणतेही पान उघडण्याआधी फोन प्रथम हा प्रश्न विचारतो. उत्तर मिळाल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही. त्यामुळे जो उत्तर देतो, त्याला घरातील सगळ्यांच्या येण्याजाण्याची चाहूल लागते. गावच्या वेशीवर बसलेल्या माणसाला कोण कोणत्या वाटेने गेले हे जसे आपसूक कळते, तसेच हे.

४/२१
आरंभी हे काम एका यादीवर भागत असे. अर्पानेट या अमेरिकी जाळ्यातील सर्व यंत्रांची नावे व क्रमांक ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाच्या एकाच फाइलमध्ये असत. ती फाइल कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. १९७२ पासून १९८९ पर्यंत तेथील माहिती केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होती. नवे यंत्र जोडायचे असेल तर त्यांच्या केंद्राला कळवायचे. केंद्र यादीत नाव चढवी आणि इतर ठिकाणचे लोक ती यादी उतरवून घेत.

५/२१
या व्यवस्थेचा एक गुण सहसा कोणी सांगत नाही. यादी एकदा आपल्या यंत्रावर आली की कोणते नाव केव्हा शोधले, हे बाहेर कोणालाच कळत नसे. टेलिफोनची डिरेक्टरी घरात असली की नंबर पाहायला कोणाला विचारावे लागत नाही, तसे. परंतु यंत्रे वाढली, यादी फुगली, रोजचे बदल आवरेनात. एका केंद्राने साऱ्या जगाची वही लिहिणे अशक्य होत चालले.

६/२१
दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत पॉल मोकापेट्रिस यांनी यावर तोड काढली. नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ या दोन टिपणांतून त्यांनी डीएनएसची रचना मांडली. सुधारित रूप १९८७ मध्ये १०३४ व १०३५ या टिपणांत आले. यादीच्या जागी वृक्ष आला. मुळाशी असलेले सर्व्हर शेंड्यांचे पत्ते जाणत नाहीत. ते फक्त पुढच्या फांदीकडे बोट दाखवतात. अधिकार वाटला गेला आणि ओझेही वाटले गेले. नाव शोधणे मात्र आता खासगी राहिले नाही. पाहण्याचे विचारणे झाले, आणि विचारणे दुसऱ्याच्या कानावर पडतेच. त्या काळच्या रचनेत हे प्रश्न उघड्या पोस्टकार्डासारखे जात.

७/२१
ऐकणाऱ्याने ते लिहून ठेवले की त्याला ‘लॉग’ म्हणतात. शब्द जहाजावरचा आहे. लॉग म्हणजे ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात सोडायचा आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे. विल्यम बोर्न या इंग्रजाने १५७४ च्या आपल्या नौकानयनविषयक पुस्तकात या रीतीचे वर्णन केले आहे. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत, सांगतात तो त्यामुळेच. ती मोजणी जिच्यात उतरवायची ती लॉगबुक. संगणकाने नाव तेच ठेवले.

८/२१
संगणकातील नोंदींना शिस्त लागली ती १९८० च्या दशकात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालप्रणालीसाठी ‘सिस्लॉग’ लिहिले. पुढे इतर प्रणालींनीही तीच रीत उचलली. त्याच बर्कलीत चार विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये ‘बाइंड’ हा डीएनएस सर्व्हर घडवायला घेतला. प्रश्नांना उत्तर देणारे यंत्र आणि घडेल ते लिहिणारी लेखणी अशी दोन्ही एकाच परिसरात, एकाच काळात वाढली.

९/२१
कोल्हापुरातल्या डबीत यांचीच वंशज मंडळी नांदत होती. नोंदीची ओळ अगदी रुक्ष : तारीख, वेळ, प्रश्नाचा प्रकार, विचारलेले नाव, विचारणाऱ्या उपकरणाचा घरगुती क्रमांक. खालच्या ओळीत तो प्रश्न बाहेर पाठवला की पूर्वीच्या साठ्यातूनच उत्तर दिले, याची खूण. १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून कोणाचे काय हे लक्षात येत नसे, म्हणून अभ्यासकाने प्रत्येकाला नाव दिले. बैठकीचा टीव्ही. ताईचा लॅपटॉप. आईचा फोन. त्या क्षणी यंत्राची नोंदवही माणसांची नोंदवही झाली. त्याच्या ते ध्यानातही आले नाही.

१०/२१
अशा वह्या फार वेगाने फुगतात. घरात कोणी जागे नसले तरी टीव्ही आणि फोन रात्रभर काही ना काही विचारत राहतात. रास्पबेरी पायचे सारे बिऱ्हाड नखाएवढ्या मेमरी कार्डावर, आणि सततच्या लिखाणाने ते कार्ड झिजते. म्हणून जुनी वही ठरावीक काळाने बंद करून नवी उघडायची, बंद वह्या आवळून ठेवायच्या आणि सर्वांत जुनी फेकायची, अशी पद्धत असते. डेबियन लिनक्सची मूळ मांडणी दर आठवड्याला वही बदलते आणि मागच्या चार ठेवते. पाय-होल याखेरीज आपला वेगळा साठा ठेवतो. बराच काळ त्याची मूळ मुदत ३६५ दिवसांची होती.

११/२१
अभ्यासकाने मुदत वाढवली. कार्ड भरले तेव्हा मोठे कार्ड आणले. काही फेकणे त्याच्या प्रकृतीतच नव्हते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी कोणी निरुपयोगी म्हणून जाळल्या असत्या तर? रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्या दफ्तरातून ४५ खंड प्रसिद्ध केले, ते कशातून केले असते? आज क्षुल्लक वाटणारी ओळ उद्याचे साधन असते, हे त्याने वर्गात ऐकले होते आणि दफ्तरखान्यात अनुभवले होते. घरची वहीदेखील त्याला त्याच मालिकेतली वाटली.

१२/२१
नोंदींचा उपयोग असतो, हे खोटे नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘डीएनएसचेंजर’ची टोळी उघडकीस आणली. शंभरांहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांचे प्रश्न या टोळीने गुपचूप स्वतःच्या सर्व्हरांकडे वळवले होते. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या सर्वांचे इंटरनेट तुटले असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी सचोटीचे सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले गेले. तेथे येणाऱ्या प्रश्नांवरूनच कोणकोणते संगणक बाधित आहेत ते कळत गेले. नोंद नसती तर रोगी सापडले नसते.

१३/२१
आता त्या पहाटेच्या ओळीकडे. अभ्यासकाने पाय-होलच्या पानावर वेळेनुसार लावलेला तक्ता पाहिला आणि मनातल्या मनात एक प्रसंग उभा केला : आई रात्री जागी आहे, अंधारात फोन हाती धरून पुन्हा पुन्हा तेच पान उघडते आहे, आणि कोणाला काही बोलत नाही. मग गेल्या महिन्यातल्या साऱ्या गोष्टींना नवा अर्थ येऊ लागला. तिचे जेवण कमी झाले आहे का? परवा ती एकटीच कुठे गेली होती? विचारावे, तर आधी सांगावे लागणार की फोनवर तू काय पाहतेस हे मी वाचतो. त्यामुळे विचारताही येईना.

१४/२१
तिसऱ्या रात्री त्याला आपल्याच शिस्तीची आठवण झाली. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींच्या कालविपर्यासावर नेमके बोट ठेवले आणि अस्सल पत्रांचा आग्रह धरला. साधन हाती आले की पहिला प्रश्न हा असतो : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि लिहिणाऱ्याला काय ठाऊक असणे शक्य होते? घरच्या वहीला त्याने हा प्रश्न विचारलाच नव्हता. ती थेट पुरावा म्हणून वाचली होती. तो उठला आणि सजवलेला तक्ता सोडून कच्ची फाइल उघडून बसला.

१५/२१
पहिली चिकित्सा नावाची. डीएनएसच्या नोंदीत संकेतस्थळाचे नाव असते, पान नसते. रुग्णालयाच्या स्थळावर नोकरीची जाहिरात असते, देणगीचे आवाहन असते, बाह्यरुग्ण विभागाचे वेळापत्रकही असते. शिवाय क्रोमसारखे ब्राउझर २००८ पासून पानावरील दुव्यांचे पत्ते आगाऊ विचारून ठेवू लागले, म्हणजे ज्या दुव्याला बोटही लागले नाही त्याचेही नाव वहीत येऊ शकते. नोंद एवढेच सांगते की या उपकरणाने हे नाव विचारले. हेतू त्या ओळीत कुठेच नसतो.

१६/२१
दुसरी चिकित्सा संख्येची. नऊ वेळा म्हणजे नऊदा पाहिले असे नव्हे. आजचा फोन एकाच नावासाठी तीन प्रकारचे प्रश्न एकदम टाकतो : जुन्या पद्धतीचा पत्ता, नव्या लांब पद्धतीचा पत्ता आणि सुरक्षित जोडणीचा तपशील. उत्तर आले नाही तर थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारतो. कच्च्या फाइलीत त्या नऊ ओळी तीन-तीनच्या तीन गटांत स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे बोट एकदाच टेकले होते. ज्याला त्याने आईची घालमेल मानले, ती उत्तर न मिळालेल्या यंत्राची उजळणी होती.

१७/२१
तिसरी चिकित्सा वेळेची, आणि तिथे तो थक्क झाला. तक्त्यात सरळ दिसणारा काळ कच्च्या फाइलीत उलटा धावला होता. नोंदी २:४३ पर्यंत आल्या, मग अचानक २:१७ वर गेल्या, तिथून २:२१ पर्यंत चालल्या आणि एकदम ६:०९ वर उडी मारून गेल्या. त्या रात्री पावसात वीज गेली होती. त्याच्या रास्पबेरी पायमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. प्रणाली दर तासाला सतराव्या मिनिटाला चालू वेळ कार्डावर लिहून ठेवी आणि वीज परतली की तिथूनच पुढे मोजू लागे. खरी वेळ इंटरनेट जोडल्यावरच कळे. दोन वाजून एकोणीस मिनिटे ही वेळ मुळात कधी घडलीच नव्हती. घडले होते ते सकाळी सहाच्या सुमारास, दिवे आल्यानंतर.

१८/२१
म्हणजे आई रात्री जागी नव्हती. नेहमीप्रमाणे पहाटे उठली होती, चहा टाकून फोन पाहत होती. तारखांच्या रुक्ष ओळींचे मोल मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९१६ मध्ये लोकमान्यांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि शिवजन्माच्या तारखेचा वाद नव्याने उभा राहिला. पण तीही एकटी पुरली नाही; तिला इतर साधनांशी ताडून पाहावे लागले. घरच्या वहीला ताडून पाहण्याजोगे साधन शेजारच्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळे सांगून टाकले आणि मग विचारले.

१९/२१
“माझं काही नाही रे,” आई म्हणाली. “भिशीतल्या एकीच्या घरी दुखणं निघालंय. ओपीडी कुठल्या वारी असते ते बघून दे म्हणाली. कुणाला सांगू नकोस म्हणून गळ घातली होती तिनं. आता तुला कळलंच.” थोड्या वेळाने तिने विचारले, “माझा रोजचा फोन तू असाच वाचतोस?” त्याने यंत्राचे कार्य समजावायला सुरुवात केली. तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, “दुखणं माझं असतं तरी ते मी तुला सांगायचं. डबीनं नाही.” घरी असताना मोबाइल डेटा बंद ठेवण्याची तिची सवय होती. त्या दिवशी तिने तो सुरू केला आणि वायफाय बंद केले. वहीतून ‘आईचा फोन’ नाहीसा झाला.

२०/२१
हा पेच घराबाहेरही आहे. ऑगस्ट २०१५ च्या आरएफसी ७६२६ मध्ये फ्रान्सचे स्टेफान बोर्ट्झमायर यांनी डीएनएस आणि खासगीपणा या प्रश्नाची सविस्तर मांडणी केली. २०१८ मध्ये आरएफसी ८४८४ ने हे प्रश्न लखोट्यात बंद करून पाठवण्याची एक रीत घालून दिली. वाटेतल्या माणसाला ते वाचता येत नाहीत, उत्तर देणाऱ्याला मात्र येतात. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी सेवा पुरवठादार, कंपन्या आणि शासकीय संस्थांना आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले. संस्थांच्या वह्यांवर अशी चर्चा होते, नियम होतात. घरातली वही कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते. तिथे नियम करणारा, वही लिहिणारा आणि ती वाचणारा एकच असतो.

२१/२१
अभ्यासकाने त्या आठवड्यात तीन गोष्टी केल्या. साठ्याची मुदत सात दिवसांवर आणली. पाय-होलमध्ये खासगीपणाच्या चार पायऱ्या असतात. त्यांतील तिसरी निवडली, जिच्यात संकेतस्थळांची आणि उपकरणांची नावे दोन्ही झाकली जातात आणि केवळ आकडे उरतात. मग जेवायला बसल्यावर घरातल्या सर्वांना सांगितले की अशी डबी आहे, ती काय लिहीत होती आणि आता काय लिहिते. जुन्या नोंदी पुसताना त्याचा हात थबकला. कागद नष्ट करण्याची त्याच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. पण रोजकीर्दीतली माणसे दोनशे वर्षांपूर्वी गेली. त्यांना विचारता येत नाही म्हणून त्यांचे कागद वाचावे लागतात. ज्याला विचारता येते, त्याचे दफ्तर त्याला न विचारता उघडण्याला संशोधन म्हणत नाहीत.
आईने वायफाय पुन्हा सुरू केले की नाही, हे वहीवरून आता कळत नाही. त्यानेही तिला ते विचारलेले नाही.
(धागा समाप्त)